सम्राट अशोकाच्या राजधानीत दोन दिवस

बुद्धगयेला जाऊन आलेला आपला माणूस घरी आल्यावर काय सांगतो? महाबोधी महाविहाराचे दर्शन घेतले, बोधिवृक्षाखाली बसलो, राजगृहाला गृध्रकूट चढलो, नालंदा पाहिले, जमले तर सारनाथ आणि कुशीनगरही केले. पाटण्याचे नाव निघाले की मात्र तो म्हणतो, "तिथे आम्ही गाडी बदलली."

ज्या नगरातून सम्राट अशोकाने राज्य केले, ज्या नगरात तिसरी धम्मसंगीती भरली, ज्या नगरातून धम्म महाराष्ट्रात आला, त्या पाटलिपुत्रात आपण फक्त गाडी बदलतो! आम्हीही तेच करणार होतो. पण परतीच्या तिकिटांमध्ये दोन दिवसांचे अंतर पडले आणि पाटण्यात मुक्काम करणे भाग पडले. त्या दोन दिवसांत जे पाहिले आणि जे मनात घेऊन परतलो, ते वाचक बंधू-भगिनींना सांगावेसे वाटते.

आमच्या वस्तीतल्या विहारातून जानेवारी २०२४ मध्ये सोळा उपासक-उपासिकांची धम्मसहल निघाली होती. इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. २०२२ साली विहाराच्या हिशेबावरून वाद झाला आणि एका कमिटीच्या दोन कमिट्या झाल्या. वस्ती एक, पण १४ एप्रिलला मिरवणुका दोन, वर्गण्या दोन, मंडप दोन. माझे पती एका कमिटीचे सेक्रेटरी, तर माझ्या नणंदबाईंचे यजमान दुसऱ्या कमिटीत. परिणाम असा की सख्ख्या बहीण-भावाचे बोलणे बंद झाले, आणि ताईंचे व माझेही. सासूबाईंचे वय बहात्तर. १९५६ च्या धम्मदीक्षेला त्या आपल्या वडिलांच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीला गेल्या होत्या. त्यांनी सरळ सांगितले, "दोन्ही लेकरं एका डब्यात बसणार असतील तर मी येते. नाहीतर तुमची सहल तुम्हाला लखलाभ." म्हणून आम्ही एका डब्यात बसलो. पण ताईंचा डबा वेगळा, आमचा डबा वेगळा. मी जेवणाच्या डब्याबद्दल सांगते आहे.

पहिला दिवस : स्तूप आणि संग्रहालय

गयेहून पाटणा सुमारे शंभर किलोमीटर. सकाळच्या पॅसेंजरने आम्ही निघालो. जानेवारीतले धुके इतके दाट की खिडकीतून शेत दिसत नव्हते. पाटणा जंक्शनच्या जवळच 'बुद्ध स्मृती पार्क' आहे. धर्मशाळेत सामान टाकून पहिल्यांदा तिथेच गेलो.

ही बावीस एकर जागा पूर्वी बांकीपूर तुरुंगाची होती. जिथे माणसांना कोंडून ठेवत, तिथे आज ध्यानकेंद्र आहे, हे वाचूनच बरे वाटते. २७ मे २०१० रोजी दलाई लामांच्या हस्ते या उद्यानाचे उद्‌घाटन झाले. मधोमध दोनशे फूट उंचीचा 'पाटलिपुत्र करुणा स्तूप' आहे. वेगवेगळ्या बौद्ध देशांतून आलेल्या पवित्र अस्थी त्यात काचेआड ठेवल्या आहेत. आवारात दोन बोधिवृक्ष आहेत, एक बुद्धगयेचा आणि दुसरा श्रीलंकेतील अनुराधपूरचा. अनुराधपूरचा बोधिवृक्ष म्हणजे अशोककन्या संघमित्रा थेरीने इथून नेलेल्या फांदीचा वंश. म्हणजे दोन हजार दोनशे वर्षांनी लेक माहेरी आली म्हणायची! सासूबाई त्या रोपाजवळ बराच वेळ थांबल्या.

दुपारी बेली रोडवरचे बिहार म्युझियम पाहिले. २०१७ पासून ते पूर्णपणे खुले झाले आहे. इथले सर्वांत मोठे आकर्षण म्हणजे दीदारगंजची यक्षी. १९१७ साली गंगेच्या काठी दीदारगंज येथे ही मूर्ती सापडली. चुनारच्या वालुकाश्मातून घडवलेली, माणसाच्या उंचीची, उजव्या हातात चवरी धरलेली स्त्री. डावा हात तुटलेला आहे. दगडावरची झिलई अशी की आपले प्रतिबिंब दिसेल की काय असे वाटावे. ही झिलई मौर्य कारागिरांची ओळख मानली जाते. आमच्याबरोबरच्या एका उपासकांनी आयुष्यभर फरशी घासायचे काम केले आहे. ते म्हणाले, "मशीन नसताना दगडाला एवढी चमक आणायची म्हणजे किती हात झिजले असतील!" राजांची नावे लेखात राहतात, कारागिरांची राहत नाहीत. पण त्यांचे काम मात्र आजही आरशासारखे उभे आहे.

गंगेच्या घाटावर ऐकलेली गोष्ट

संध्याकाळी आम्ही गांधी घाटावर गेलो. कुल्हडमधला चहा घेऊन पायऱ्यांवर बसलो. आमच्या बौद्धाचार्यांनी तिथेच या नगराची जन्मकथा सांगितली. ती महापरिनिब्बान सुत्तात आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी ती ऐकली असेल, पण जागेवर बसून ऐकण्यात वेगळा अर्थ आहे.

मगधाची राजधानी तेव्हा राजगृह होती. राजा अजातशत्रूला गंगेपलीकडचे वज्जी गणराज्य जिंकायचे होते. त्याने आपला मंत्री वस्सकार याला गृध्रकूटावर तथागतांकडे पाठवले. तथागतांनी त्याला सरळ उत्तर दिले नाही. त्यांनी आनंदाला विचारले : वज्जी लोक वारंवार सभा भरवतात का? एकोप्याने जमतात आणि एकोप्याने उठतात का? ठरलेले नियम पाळतात का? वडीलधाऱ्यांचे ऐकतात का? स्त्रियांवर बळजबरी करत नाहीत ना? असे सात प्रश्न होते. आनंदाने प्रत्येकाला होकार दिला. तेव्हा तथागत म्हणाले, जोवर हे चालू आहे तोवर वज्जींची वाढच होईल, हानी होणार नाही.

वस्सकार हुशार होता. त्याला कळले की वज्जी युद्धाने हरणार नाहीत, फूट पाडली तरच हरतील. पुढे अट्ठकथेत असे सांगितले आहे की तो वैशालीत आश्रिताचे सोंग घेऊन राहिला. याच्या कानात काही, त्याच्या कानात काही सांगत त्याने तीन वर्षांत अशी वेळ आणली की सभेची नौबत वाजली तरी कुणी जमेना. मग अजातशत्रूचे सैन्य आले आणि वैशाली पडली.

त्याच वज्जींना रोखण्यासाठी गंगेकाठच्या पाटलीग्राम या खेड्यात सुनीध आणि वस्सकार हे मंत्री तटबंदी उभारत होते. राजगृहाहून कुशीनाऱ्याकडे जाताना, आयुष्याच्या शेवटच्या प्रवासात, तथागत इथे थांबले. गावच्या उपासकांना त्यांनी शीलाचे फायदे आणि शीलभंगाचे तोटे सांगितले. बांधकाम पाहून ते आनंदाला म्हणाले, हे पुढे श्रेष्ठ नगर होईल, व्यापाराचे मोठे केंद्र होईल. पण त्याला तीन धोके राहतील : आगीचा, पाण्याचा आणि आपसातल्या फुटीचा. ज्या दाराने तथागत बाहेर पडले त्याला गौतमद्वार आणि जिथून गंगा ओलांडली त्याला गौतमतीर्थ असे नाव पडले.

बौद्धाचार्य थांबले. सासूबाईंनी विचारले, "आग न् पाणी बाहेरून येतं. तिसरं कुठून येतं?" कुणी उत्तर दिले नाही. ताई गंगेकडे पाहत होत्या, आणि मी कुल्हडकडे.

दुसरा दिवस : कुम्हरार

दुसऱ्या दिवशी सकाळी ई-रिक्षांनी कुम्हरारला गेलो. पाटणा जंक्शनपासून पूर्वेला पाच-सहा किलोमीटरवर हे उत्खननाचे ठिकाण आहे. इथे मौर्यकाळातील ऐंशी खांबांचा सभामंडप सापडला होता.

उत्खननाची हकीकतही ऐकण्यासारखी आहे. १९१२ ते १९१५ या काळात डॉ. स्पूनर यांनी इथे खोदकाम केले. त्यासाठी मुंबईचे सर रतन टाटा यांनी दरवर्षी वीस हजार रुपये देऊ केले होते. स्पूनर यांना बहात्तर खांबांच्या जागा मिळाल्या. पुढे १९५१ ते १९५५ दरम्यान डॉ. अ. स. आळतेकर यांच्या मार्गदर्शनाखाली काशीप्रसाद जयस्वाल संशोधन संस्थेने पुन्हा खोदकाम केले, तेव्हा आणखी आठ खांबांच्या जागा सापडून ऐंशीचा आकडा पूर्ण झाला. खांब एकमेकांपासून सुमारे पंधरा फुटांवर होते. इतक्या खांबांपैकी लांबीचा म्हणावा असा एकच हाती लागला, तोही तुटका. तो आज तिथे आडवा ठेवलेला आहे.

हे सगळे डोक्यात ठेवून आम्ही आत गेलो आणि पाहतो तर काय, हिरवळ! मुले खेळत होती, कॉलेजची मंडळी बाकांवर बसली होती. सासूबाई म्हणाल्या, "अगं, इथं बघायचं काय? गवत?" तिथल्या राखणदाराने ऐकले. तो नम्रपणे म्हणाला, "माताजी, सब नीचे है."

खरेच सगळे खाली होते. जमिनीतल्या पाण्याची पातळी वाढून सभामंडपाच्या अवशेषांत पाणी साचू लागले, म्हणून २००४ च्या सुमारास तो भाग माती-वाळूने बुजवण्यात आला. आम्ही परत आल्यावर, डिसेंबर २०२४ मध्ये, पुरातत्त्व खात्याने त्यातले थोडे खांब पुन्हा उघडून पाहण्याचे काम हाती घेतल्याची बातमी वाचली. आम्ही मात्र तो सभामंडप पायाखाली घेऊन उभे होतो.

तथागतांनी सांगितलेला पाण्याचा धोका असा डोळ्यांसमोर आला. तो जुन्या काळापुरता नाही. १९७५ च्या पुरात पाटणा शहर बुडाले होते. सप्टेंबर २०१९ मध्ये राजेंद्रनगर, कंकडबाग या वस्त्यांत कित्येक दिवस पाणी साचून लोक घरात अडकले होते. कुम्हरार त्याच बाजूला आहे.

आणि आग? उत्खननात राखेचे थर मिळाले. मंडपाचे छप्पर आणि तळ लाकडाचा होता, तो जळाला. ग्रीक वकील मेगॅस्थिनीस चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी होता. त्याने लिहिले आहे की या नगराला लाकडी तट होता, त्याला ५७० बुरूज आणि ६४ दरवाजे होते, आणि नगराची लांबी सुमारे नऊ मैल होती. त्या लाकडी तटाचे अवशेष कुम्हरारजवळच्या बुलंदीबागेत सापडले आहेत. लाकडाच्या नगराला आगीचे भय असणारच.

आरोग्यविहार

कुम्हरारलाच गुप्तकाळातील एका विहाराचे अवशेष मिळाले. तिथे सापडलेल्या मातीच्या मुद्रेवर 'आरोग्यविहार' आणि भिक्षुसंघ यांचा उल्लेख आहे. म्हणजे भिक्खू इथे रुग्णांची सेवा करीत. पाचव्या शतकाच्या आरंभी आलेल्या फाहियान या चिनी भिक्खूने पाटलिपुत्रात तीन वर्षे राहून विनयाच्या प्रती उतरवून घेतल्या. इथे गोरगरीब, अनाथ, अपंग यांना फुकट औषध आणि अन्न देणारी रुग्णालये आहेत, असे त्याने लिहून ठेवले.

पण त्याच फाहियानने मध्यदेशाचे वर्णन करताना हेही लिहिले की चांडाळांना गावाबाहेर राहावे लागते आणि नगरात शिरताना लाकूड वाजवून आपण आल्याची सूचना द्यावी लागते. परमपूज्य बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अस्पृश्यतेचा काळ शोधताना फाहियानची ही साक्ष तपासली आहे. त्यांच्या मते अस्पृश्यता इसवी सन ४०० च्या सुमारास जन्माला आली. एकाच काळात विहाराच्या दारात रोग्याची जात न विचारता सेवा होत होती आणि वेशीबाहेर माणसाला काठी वाजवायला लावली जात होती. इतिहासाची ही दोन्ही पाने आपल्या मुलांना एकत्र दाखवली पाहिजेत.

अगम कुआँ

तिथून आम्ही अगम कुआँ पाहिला. ही प्रचंड विहीर अशोकाच्या काळाशी जोडली जाते. तिची खोली १०५ फूट सांगतात. अशोकाने इथे आपल्या नव्याण्णव भावांना मारून टाकले, अशी दंतकथा ऐकायला मिळते. आमच्याबरोबरची मुले घाबरली. त्यांना बौद्धाचार्यांनी समजावले की दंतकथा आणि शिलालेख यात फरक करायला शिका. पाचव्या शिलालेखात अशोक आपल्या भावाबहिणींच्या घरांचा उल्लेख करतो. भाऊ मारून टाकले असते तर त्यांच्या घरांची काळजी कुणी घेतली असती? उलट, जे वाईट केले ते त्याने लपवले नाही. कलिंग युद्धात एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख माणसे देशोधडीला लागली, याचा पश्चात्ताप त्याने तेराव्या शिलालेखात स्वतः कोरून ठेवला आहे.

तिसरा धोका

पाटलिपुत्रात एक जागा अशी आहे की जिच्याकडे आज कुणी बोट करून दाखवू शकत नाही. ती म्हणजे अशोकाराम विहार. तिसरी धम्मसंगीती तिथेच भरली. ती का भरवावी लागली? महावंसात सांगितले आहे की लाभासाठी संघात नको ती माणसे शिरली, मतभेद वाढले, आणि त्या विहारात सात वर्षे उपोसथ होऊ शकला नाही. एका छताखाली राहणारे भिक्खू एकत्र बसायला तयार नव्हते! शेवटी मोग्गलिपुत्त तिस्स थेरांच्या अध्यक्षतेखाली एक हजार भिक्खूंनी नऊ महिने बसून धम्म शुद्ध करून घेतला.

अशोकाने फुटीचा धोका ओळखला होता. सारनाथ, सांची आणि कौशांबी येथील त्याच्या लेखांत आदेश आहे की जो भिक्खू किंवा भिक्खुणी संघात फूट पाडील त्याला पांढरी वस्त्रे नेसवून विहाराबाहेर ठेवावे. सारनाथच्या लेखात तर असेही आहे की या आदेशाची एक प्रत उपासकांसाठी ठेवावी आणि त्यांनी उपोसथाच्या दिवशी ती समजून घ्यावी. म्हणजे एकजूट राखणे ही फक्त भिक्खूंची जबाबदारी नाही, तुमची-आमचीही आहे.

संघ एक झाला म्हणून पुढचे काम झाले. संगीतीनंतर दिशादिशांना धम्मदूत पाठवले गेले. महिंद थेर श्रीलंकेला गेले. महाधम्मरक्खित थेर महारठ्ठात, म्हणजे आपल्या महाराष्ट्रात आले. योनक धम्मरक्खित हे ग्रीक थेर अपरांतात, म्हणजे कोकणपट्टीत आले. मुंबईजवळच्या सोपाऱ्याला १८८२ साली अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पाटलिपुत्राचा आदेश आपल्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोचल्याचा तो दगडी पुरावा आहे.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी देशाला आठवण करून दिली की संसदीय कामकाजाचे नियम भिक्खुसंघात पूर्वीपासून होते. ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सारे तिथे होते. त्याच भाषणात त्यांनी असा इशाराही दिला की हा देश पूर्वी आपल्याच माणसांच्या फितुरीने स्वातंत्र्य गमावून बसला. तो इशारा देशाला होता. आपल्या चळवळीने, पक्षांनी, संस्थांनी आणि गल्लीतल्या कमिट्यांनी तो किती ऐकला, हे ज्याचे त्याने मनाला विचारावे.

परतीची गाडी

रात्रीची गाडी धुक्यामुळे सहा तास उशिरा होती. फलाटावर थंडी मी म्हणत होती. सासूबाईंना हुडहुडी भरली. मी आमची चादर काढली, ताईंनी त्यांची. दोन्ही त्यांच्या अंगावर घातल्या. मग दोघींना पांघरायला एकच शाल उरली. ताईंनीच तिचे टोक माझ्याकडे सरकवले आणि म्हणाल्या, "वहिनी, त्या हिशेबाच्या वह्या एकदा दोन्ही कमिट्यांनी मिळून बघायला काय हरकत होती गं?" मी म्हणाले, "ताई, सभाच कुठे भरली?" दोन वर्षांनी आम्ही एवढेच बोललो. त्यानंतर लिट्टी-चोखा मात्र एकाच पत्रावळीवर खाल्ला.

परत आल्यावर सगळे गोड झाले असे मी लिहिणार नाही. त्या वर्षीच्या १४ एप्रिललाही दोन मिरवणुका निघाल्या. पण वर्षावासात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन दोन्हीकडच्या महिलांनी एकाच विहारात बसून केले. पहिल्या दिवशी सात जणी होत्या, अश्विन पौर्णिमेला चाळीस. हिशेबाच्या वह्यांसाठी एकत्र सभा भरली, वादही झाले, पण माणसे एकत्र बसली आणि एकत्र उठली. बुद्धगयेचे महाबोधी महाविहार बौद्धांच्या ताब्यात द्यावे म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये आंदोलन उभे राहिले, तेव्हा आमच्या वस्तीतून निवेदन एकच गेले, त्यावर सह्या दोन्ही कमिट्यांच्या होत्या.

वाचकहो, बुद्धगयेला जाल तेव्हा पाटण्यासाठी दोन दिवस जरूर राखून ठेवा. पहिल्या दिवशी बुद्ध स्मृती पार्क, बिहार म्युझियम आणि संध्याकाळी गंगेचा घाट. दुसऱ्या दिवशी कुम्हरार आणि अगम कुआँ. तिसरा दिवस मिळाला तर गंगेवरचा पूल ओलांडून वैशालीला जा. तिथे उत्खननात मिळालेल्या तथागतांच्या पवित्र अस्थी पूर्वी पाटण्याच्या संग्रहालयात होत्या. जुलै २०२५ मध्ये वैशालीतच त्यांच्यासाठी बांधलेला स्मृतिस्तूप खुला झाला आहे. डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या फार उशिरा धावतात, म्हणून वृद्ध आणि लहान मुले असतील तर फेब्रुवारी-मार्च बरा. कुम्हरारला फक्त गवत दिसले तरी निराश होऊ नका. मुलांना सांगा की सगळे खाली आहे, आणि ते का खाली गेले तेही सांगा.

आग विझवता येते, पुराचे पाणीही ओसरते. तिसरा धोका मात्र ज्याचा त्यालाच टाळावा लागतो, आणि त्यासाठी आधी एकत्र बसावे लागते.

जय भीम! नमो बुद्धाय!